पोळ्यांच्या डब्यातला वरचा सा

मुकुंदराव कळंबे यांना सारं पांढुर्णा फिजिक्सचे सर म्हणून ओळखत असे आणि गिटार वाजवणारा माणूस म्हणून एकही जण ओळखत नसे. हा अन्याय ते कित्येक वर्षं मुकाट्याने सोसत आले होते. गिटार घरात होती, ते ती वाजवतही होते. पण "सर, जरा दोन मिनिटं वाजवून दाखवा," असं म्हणणारा माईचा लाल अजून त्यांच्या उंबरठ्यावर यायचा होता. पाहुणे आले आणि आतल्या खोलीतून गिटार ऐकू आली, की ते छताकडे बघून म्हणत, "पंख्याले तेल द्या जी."

त्यातून बायको जयश्री म्हणजे महिला भजन मंडळाची प्रमुख. तिची पेटी दिवाणखान्यात, मखमली कापडाखाली. ह्यांची गिटार गव्हाच्या कोठीमागे. एका घरात दोन कलावंत असले की एकाला कोठीमागे जावंच लागतं, त्याला इलाज नाही.

आता इथे भजनाच्या स्पर्धेबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दरवर्षी रामाकोन्याला आसपासची मंडळं जमतात आणि खरी झुंज लागते ती सौंसर आणि पांढुर्णा यांच्यात. भजन कोणाचं चांगलं, याचं माप दोन्ही गावांनी आपापसात कधीचंच ठरवून टाकलं होतं: ज्याचा सूर उंच, त्याचं भजन देवापर्यंत आधी पोचतं. त्यामुळे सौंसरच्या विजयमालाबाईंनी पेटीच्या काळी तीन पट्टीत भजन म्हटलं, की पुढल्या वर्षी पांढुर्ण्याने काळी चार धरायची. मग सौंसरने काळी पाच. असं करत करत दोन्ही मंडळं पेटीवर डावीकडून उजवीकडे अशी सरकली होती, की आणखी दोन-चार वर्षांनी त्यांना पेटी संपून शेजारच्या तबल्यावर बोट ठेवावं लागलं असतं. हा सगळा प्रकार गळ्याला घातक आहे, असं मुकुंदरावांनी एकदा शास्त्रोक्त समजावून सांगितलं होतं. जयश्रीबाई म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या."

या शर्यतीत पांढुर्ण्याचा हुकमी एक्का म्हणजे पंचफुलाआत्या. ह्या जयश्रीबाईंच्या सख्ख्या आत्या. आई गेल्यावर त्यांनीच जयश्रीला वाढवलेलं. मंडळ खालून म्हणायचं आणि आत्याबाई कानावर हात ठेवून वरचा सूर लावायच्या, तो असा की मांडवाचं कापड हलावं. पण या वर्षी सरावाला बसल्या, वर गेल्या, आणि आवाज मधेच तुटला. पुन्हा गेल्या, पुन्हा तुटला. मग खोकला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, आणि एकमेकींकडे बघणाऱ्या बायका काय बोलतात ते तोंड न उघडताही कळतं: आत्याबाईंनी आता मागे बसून टाळ धरावा. पण हे त्यांना सांगणार कोण? जयश्रीबाई घरी आल्या त्या तोंड एवढंसं करून.

"मी नाई सांगू शकत," त्या म्हणाल्या. "ज्या बाईनं मला सा म्हणायला शिकवलं, तिला मी गप बैस म्हणू?"

आणि इथेच मुकुंदरावांच्या डोक्यात तो किडा वळवळला.

"सांगायची गरजच नाही," ते म्हणाले. "वरचा सूर मी देतो. गिटारवर."

जयश्रीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून ताप आहे का बघितला असता. पण फिजिक्सचा मास्तर एकदा फळ्याशी पोचला की मागे वळत नाही. त्यांनी सांगितलं, की सा आणि वरचा सा यांच्यात फरक एवढाच, की वरच्याची कंपनं दुप्पट. आणि कंपनं दुप्पट करायचं सर्किट तर बोर्डाच्या परीक्षेत दरवर्षी येतं. तरंगाचा जो अर्धा भाग खाली लोंबतो, तो उचलून वर उलटायचा, झाली दुप्पट! मात्र गिटारची तार छेडली की आवाज लगेच मरतो आणि भजनात सूर धरून ठेवावा लागतो. म्हणून आधी ओव्हरड्राइव्ह लावायचा. म्हणजे आवाज इतका फुगवायचा की तो वर जाऊन आपटतो, सपाट होतो, थोडा खरखरतो आणि मग लांबवर टिकून राहतो.

"फुगते, आपटते अन् खरखरते," जयश्रीबाई म्हणाल्या. "हे तर आत्याचंच वर्णन झालं." पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. संसारात पहिल्यांदाच मंडळात गिटारला जागा मिळत होती. मुकुंदराव त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

सर्किट कागदावर उतरायला एक सुट्टीचा दिवस लागला. पुढचं मात्र कागदासारखं नव्हतं. बसस्टँडजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सगळं मिळालं, फक्त तरंग उलटवणारे जर्मेनियमचे डायोड मिळाले नाहीत. दुकानदाराने ते नाव ऐकून चष्मा काढला. "सर, हे माह्या वडिलांच्या टायमाला यायचे. आता जुन्या रेडिओत असन तं असन."

ही गोष्ट मुकुंदरावांनी शेजारी गुणवंताभाऊंना सांगितली. ही चूक होती. गुणवंताभाऊ कापसाचे व्यापारी. पण सल्ला हा त्यांचा खरा धंदा, तोही फुकट वाटायचा. सकाळपर्यंत गल्लीभर बातमी झाली, की सर जुने रेडिओ दुरुस्त करून राहिले. माणसं रेडिओ घेऊन येऊ लागली. एकाने मिक्सर आणला. एक बाई कूलरचा पंप घेऊन आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही करूनच राहिले तं हेही पाहून घ्या." मुकुंदरावांनी ओशाळून एक पंप, दोन इस्त्र्या आणि एक बोलणारं खेळणं दुरुस्त केलं. रेडिओंमध्ये मात्र डायोड निघेना. जो तो म्हणे, उघडा पण आतलं काही काढू नका, आजोबांची निशाणी आहे.

शेवटी रेडिओ दिला तो पंचफुलाआत्यांनी. पदराखाली झाकून घेऊन आल्या. त्यावर त्या रोज सकाळी भजनं ऐकत.

"घ्या जवाईबापू. काढा याच्यातून काय काढायचं ते."

"आत्याबाई, मग हा वाजणार नाही."

"नाई वाजला तं नाई वाजला. मंडळाच्या कामी येऊन राह्यला ना? मग झालं." आणि सोबत संत्र्यांची पिशवीही ठेवून गेल्या. मुकुंदरावांनी रेडिओ उघडला, त्यातून एक डायोड काढला, सुट्या भागांच्या खोक्यात दुसराही सापडला, आणि आनंदाच्या भरात हे यंत्र नेमकं कोणाच्या जागी बसणार आहे, याचा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. शास्त्रज्ञांचं हे असंच असतं.

डबा पहिल्यांदा सुरू केला तेव्हा गिटार वाजलीच नाही. त्यातून एक गंभीर आवाज आला, "किसान भाइयो, अब सुनिए मौसम का हाल." डायोडला आपला जुना धंदा आठवला होता. मुकुंदरावांनी वायर हलवली, तर हवामान संपून खताची माहिती लागली. पाचव्या मिनिटाला गुणवंताभाऊ भिंतीवरून डोकावले. "सर, जरा मोठं करा ना. कापसाचा भाव सांगते का पाहू." पुढे काही दिवस ते रोज त्या वेळेला खुर्ची घेऊनच येत आणि आल्यावर म्हणत, "वा सर! असा रेडिओ कोणी नाई बनवला. फक्त त्याले ते गिटार कायले जोडलं, ते समजून नाई राह्यलं."

बाहेरच्या लहरी रोखायला सर्किट धातूच्या डब्यात बंद करायला हवं होतं. मुकुंदरावांनी स्वयंपाकघरात शोध घेतला आणि पोळ्यांचा स्टीलचा डबा निवडला. त्याला ड्रिलने भोकं पाडली. जयश्रीबाईंना हे कळलं ते पोळ्या ठेवायला गेल्यावर. त्या प्रसंगाचं वर्णन न करणंच दोन्ही घराण्यांच्या हिताचं आहे. तात्पर्य एवढंच, की कळंब्यांच्या घरी बरेच दिवस भातच होत होता.

पण डब्याने काम केलं! झाकण लावलं, पायाने दाबायला दारावरच्या बेलचं बटण बसवलं, गिटारवर खालचा सा छेडला, आणि त्याच्या डोक्यावर चढून वरचा सा असा किंचाळत निघाला, की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. आवाज थेट सनईचा. कोणाचा तरी साखरपुडा आहे असं समजून पलीकडच्या आळीतून दोन बायका हळदीकुंकवाची तयारी करूनच आल्या. "साक्षगंध कोणाचं हाय जी?"

आता उरली स्पर्धेची परवानगी. समितीचे अध्यक्ष केशवराव हे रामाकोन्याचे निवृत्त बाबू. नोकरीत त्यांनी एकही कागद सहीशिवाय पुढे सरकू दिला नव्हता, आणि निवृत्तीनंतर सरकवायला कागदच नसल्यामुळे ते भजन स्पर्धेकडे वळले होते. त्यांनी गिटार तंतुवाद्यात बसवली. तंबोऱ्याला चार तारा, हिला सहा; दोन तारा जास्त झाल्याची नोंद करून मंजुरी दिली. डब्याशी येऊन मात्र ते अडले.

"हा डीजे तं नाई?"

"नाही हो. हा फक्त सूर दुप्पट करतो."

"डीजे पण तेच करते. डीजेले बंदी हाय. हा डीजे नाई असं प्रमाणपत्र आणा."

पांढुर्णा जिल्हा नवा आहे, कारभार हिंदीत आहे, कार्यालयं ताजी आहेत, खुर्च्यांवरची प्लास्टिकंही काही ठिकाणी तशीच आहेत; पण एखादी वस्तू अमुक नाही असं लिहून देणारी खिडकी अजून कुठे उघडलेली नाही. मुकुंदराव डबा काखेत मारून हिंडले. एका साहेबांनी शांतपणे सांगितलं, "सर, जो है उसका प्रमाणपत्र मिलता है। जो नहीं है, उसका कैसे दें?" दुसऱ्या ठिकाणी शिपायाने डबा उघडून आत भाजी आहे का पाहिलं. अखेर त्यांच्याच शाळेच्या प्राचार्यांना दया आली. त्यांनी शाळेच्या कागदावर शिक्क्यानिशी लिहून दिलं, 'प्रमाणित किया जाता है कि उक्त डिब्बा मेरी जानकारी में शालीन है।' केशवरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि अत्यंत समाधानाने फाइलला लावला.

स्पर्धेआधीचा शेवटचा सराव कळंब्यांच्या दिवाणखान्यात झाला. मुकुंदराव इस्त्रीचा कुर्ता घालून, गिटार गळ्यात अडकवून उभे होते. भजन सुरू झालं. वर जायची जागा आली. आत्याबाईंनी नेहमीप्रमाणे कानावर हात ठेवला, श्वास घेतला, आणि त्या तोंड उघडणार तेवढ्यात मुकुंदरावांनी बटण दाबलं. डबा खणखणीत वरच्या सावर जाऊन बसला आणि हलेना. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "बाप्पा! सर, काय यंत्र बनवलं तुमी!"

टाळ्या आत्याबाईंनीही वाजवल्या. मग कानावरचा हात खाली घेतला, कोपऱ्यातला टाळ उचलला आणि स्वतःच उठून मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

"बरं झालं, बाप्पा," त्या म्हणाल्या. "माह्या गळ्याले सुट्टी भेटली." आणि हसल्या.

मुकुंदरावांनी ते हसू पाहिलं आणि गळ्यातली गिटार काढून ठेवली. ज्या बाईने आपला रोजचा रेडिओ मुका करून त्यांच्या हातात दिला, तिच्याच गळ्यावर त्यांनी झाकण लावलं होतं. मंडळातल्या बायकांना जे तोंडाने सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी पायाने बटण दाबून सांगितलं. त्या दिवशी जयश्रीबाईंनी मुद्दाम पाटवडीची भाजी केली होती; ती त्यांनी ताटात तशीच ठेवली. जयश्रीबाईंनीही ठेवली.

रामाकोन्याला मांडव गच्च भरला होता. सौंसरचं मंडळ आधी उभं राहिलं. विजयमालाबाईंनी काळी पाच धरली आणि वर चढल्या. मानेच्या शिरा ताठल्या, चेहरा लाल झाला, आणि शेवटचा सूर संपला तेव्हा मांडवाने टाळ्यांआधी सुटकेचा श्वास सोडला. दोघींनी त्यांना हाताला धरून बसवलं, तिसरीने पाणी दिलं.

मग पांढुर्णा. जयश्रीबाई पेटीशी बसल्या, नेहमीच्या शिरस्त्याने बोट काळी पाचच्याही पुढे नेलं. मुकुंदराव गिटार घेऊन सगळ्यांच्या पुढे. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं त्यांच्या गिटारकडे बघत होती. समोर गुणवंताभाऊ खास पांढुर्ण्याहून आलेले, शेजाऱ्याला सांगत होते, "आता पहा, आधी बातम्या लागतीन." मुकुंदरावांनी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत आत्याबाई टाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओठ हलत होते. आवाज न करता त्या वरच्या सुराची जागा चाचपून बघत होत्या.

मुकुंदरावांनी डब्यातून गिटारची वायर उपटली.

"काय झालं जी सर?" माइकवाला अंकुश धावत आला.

"तुझ्या माइकची वायर दे. गिटारची पिन अन् माइकची पिन एकच आहे ना?"

"हाय एकच, पण..."

पुढचं ऐकायला ते थांबले नाहीत. माइकची वायर त्यांनी पोळ्यांच्या डब्यात खुपसली, डब्याची वायर अंकुशच्या मशीनला लावली, माइक उचलला आणि बायकांमधून वाट काढत मागच्या रांगेत आत्याबाईंच्या तोंडासमोर उभा केला.

"हे काय करून राह्यले जवाईबापू? माह्याच्यानं वर नाई जात आता."

"वर जाऊच नका, आत्याबाई. तुम्हाला सोसेल तिथंच म्हणा. वर चढायचं काम डबा करतो."

मुकुंदराव पुढे डब्याशी परत आले. केशवराव फाइल चाळू लागले होते. पण जयश्रीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि त्यांचं बोट पेटीवरून मागे मागे सरकू लागलं. काळी पाच गेली, चार गेली, तीन गेली. बोट पार डावीकडे पांढरी एकवर येऊन थांबलं. मांडवात कुजबुज झाली. स्पर्धेत इतक्या खाली कोणी म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पांढुर्ण्याने हार मानली, असंच सगळ्यांना वाटलं.

आत्याबाईंनी कानावर हात ठेवला आणि सूर लावला. वयाबरोबर खाली आलेला त्यांचा आवाज जाड झाला होता, पण आता तो ताणलेला नव्हता, म्हणून तुटतही नव्हता. मुकुंदरावांनी बटण दाबलं. त्या जाड आवाजातूनच दुसरा एक आवाज वर उठला, थोडा खरखरीत, पण उभाच्या उभा आणि धीट. खाली आजच्या पंचफुलाबाई आणि वर त्यांच्याच तरुणपणातली पंचफुला, दोघी एकत्र गात होत्या. आत्याबाईंनी तो ऐकला, दचकल्या, थांबल्या. मग ओळखीचं माणूस भेटावं तशा हसल्या आणि डोळे मिटून पुढची ओळ अशी घेतली की मांडवाचं कापड पुन्हा हललं. जयश्रीबाईंचे डोळे भरले, पेटीवरचा हात मात्र चुकला नाही.

आणि तेवढ्यात एक भलतंच घडलं. तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीने साथ धरली. मग तिच्या सुनेने. पांढरी एक म्हणजे कोणाच्याही गळ्याला झेपणारी पट्टी. इतकी वर्षं नुसतंच तोंड वासून ऐकणाऱ्या माणसांना अचानक कळलं, की हे भजन आपल्यालाही म्हणता येतं! एकेक रांग गाऊ लागली. गुणवंताभाऊही गायले, ते मात्र कोणत्याच पट्टीत बसले नाहीत. शेवटी सौंसरच्या विजयमालाबाई पाण्याचा पेला खाली ठेवून उठल्या, तडक पांढुर्ण्याच्या मंडळात येऊन आत्याबाईंच्या शेजारी बसल्या आणि आपल्या खऱ्या गळ्याने, आरामात, पोटातून गाऊ लागल्या.

"बाई वो," भजन संपल्यावर त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "इतके साल तुमी-आमी कायले वरडून राह्यलो होतो?"

निकाल लागला नाही. केशवरावांनी जाहीर केलं, की नियमाप्रमाणे मंडळातल्या बायकांनीच गायचं असतं आणि इथे अख्ख्या मांडवाने गायलं, त्यात समितीचे दोन परीक्षकही सापडले आहेत. त्यामुळे बक्षीस कोणाला द्यावं याबद्दल नियम मौन आहेत. कोणी तक्रार केली नाही. सगळे जेवायला गेले.

मुकुंदराव मांडवामागच्या संत्र्यांच्या झाडाखाली डब्याच्या वायरी गुंडाळत बसले होते. गिटार शेजारी पडलेली. जाणारे-येणारे डब्याचं कौतुक करून जात होते, कोणी कोणी झाकणाला हात लावून नमस्कारही केला. गिटारबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यांना वाईट वाटलं का? थोडं वाटलं. खोटं कशाला सांगा.

तेवढ्यात पंचफुलाआत्या हातात बुंदीचं ताट घेऊन आल्या. जयश्रीबाई मागोमाग. आत्याबाईंनी ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि पदर सावरून मातीतच बसकण मारली.

"इतके दिवस डब्याचंच आयकून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "आता तुमचं वाजवा. मले आयकाचं हाय."

मुकुंदरावांना क्षणभर वाटलं, त्या दुसऱ्याच कोणाला म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा. मागे झाडच होतं. मग त्यांनी गिटार मांडीवर घेतली. वायर नाही, डबा नाही, नुसत्या तारा. त्यांनी तेच भजन सुरू केलं, पांढरी एकमध्ये, आणि दुसऱ्याच ओळीत चुकले.

"थांबू नका," आत्याबाई म्हणाल्या. "मी म्हणते तुमच्यासोबत."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. आत्याबाई हळू आवाजात म्हणू लागल्या. दुसऱ्या ओळीत मुकुंदराव पुन्हा त्याच जागी चुकले; आणि जिने हे भजन जन्मभर म्हटलं होतं, त्या आत्याबाईही त्यांच्याबरोबर नेमक्या तिथेच चुकल्या.